सॅम प्रेंडरगास्ट: आयर्लंडची १० क्रमांकाची जर्सी २१व्या वर्षी मिळणे घाईचे होते का?

लिफीकाठ

काल (२२ नोव्हेंबर २०२५) डब्लिनच्या अविवा स्टेडियममध्ये दक्षिण आफ्रिकेने रग्बीत आयर्लंडला २४-१३ असे हरवले. डब्लिनमध्ये त्यांना २०१२ नंतर प्रथमच विजय मिळाला. आयर्लंडच्या खेळाडूंना एकामागून एक पिवळी कार्डे (दहा मिनिटे मैदानाबाहेर) मिळाली, त्यांतले एक सॅम प्रेंडरगास्टला होते, आणि रात्रीपासून इथल्या वर्तमानपत्रांत व समाजमाध्यमांवर त्याच्याच नावाची चर्चा चालू आहे. आपल्या संस्थळावर रग्बीबद्दल फारसे लिहिले जात नाही, पण आयर्लंडमध्ये राहणारे बरेच सभासद इथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅमचा जन्म फेब्रुवारी २००३ चा. तो किलडेअर परगण्यातल्या सनक्रॉफ्टचा, शिक्षण न्यूब्रिज कॉलेजात. २०२३ मध्ये आयर्लंडच्या २० वर्षांखालील संघाने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत (युरोपातल्या सहा संघांच्या वार्षिक स्पर्धेत) सगळे सामने जिंकले, तेव्हा संघाचा फ्लाय-हाफ (१० क्रमांकाचा, आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू) तोच होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेतही हा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे फ्रान्सकडून ५०-१४ असा हरला. लेन्स्टर प्रांताच्या अकॅडमीतून तो वरिष्ठ संघात आला आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी अर्जेंटिनाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून त्याने आयर्लंडसाठी पदार्पण केले. आठच दिवसांनी फिजीविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला, त्यापुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धही. २०२५ च्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत पाचपैकी पहिल्या चार सामन्यांत १० क्रमांकाची जर्सी त्याच्याच अंगावर होती.

माझे मत असे की वय ही अडचण नव्हतीच. अडचण ही की अकॅडमी आणि आंतरराष्ट्रीय सामना यांच्यामध्ये ज्या पायऱ्या असायला हव्यात त्या त्याच्या वाट्याला फार थोड्या आल्या. लेन्स्टरचे पुढचे आठ खेळाडू इतके बलवान आहेत की त्यांच्यामागे खेळणाऱ्या फ्लाय-हाफला बहुतेक आठवडे चेंडू वेगाने आणि स्वच्छ मिळतो. काल स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना रेटतात तेव्हा) आयर्लंडची पीछेहाट होत असताना जी परिस्थिती त्याच्यासमोर होती, तिचा सराव त्याला कुठे मिळाला असेल? इथल्या जाणकारांचे काय म्हणणे आहे?

मृण्मयी_ठाणे

धागा आवडला. रग्बी मी फक्त विश्वचषकाच्या वेळी पाहते, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारते. पंधरा खेळाडूंमध्ये या एका क्रमांकावरूनच एवढी चर्चा का होते? बाकीच्या चौदा जणांच्या चुका कोणी मोजत नाही का?

हिंजवडीचा_प्रॉप

मृण्मयी, मी पुण्यात काही वर्षे क्लब पातळीवर प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खेळाडू) म्हणून खेळलो आहे, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. स्क्रम किंवा लाइनआउटमधून (बाहेर गेलेला चेंडू रांगेतल्या खेळाडूंवर फेकतात त्यातून) चेंडू बाहेर आला की स्क्रम-हाफ, म्हणजे ९ क्रमांकाचा खेळाडू, तो बहुतेक वेळा १० कडे देतो. चेंडू हातात येईपर्यंत १० ने ठरवलेले असावे लागते की पास करायचा, लाथाडायचा की स्वतः घेऊन धावायचे. समोरचे बचावपटू धावत अंगावर येत असतात, म्हणजे विचार करायला एखादा सेकंदही मिळत नाही. याखेरीज बहुतेक संघांत पेनल्टी आणि कन्व्हर्जनच्या किकही त्यालाच माराव्या लागतात. ट्रायचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे) ५ गुण, त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे २ आणि पेनल्टीचे ३. सामना दोन-तीन गुणांनी हरला की लोकांना आधी चुकलेली किक आठवते. प्रॉपने स्क्रममध्ये केलेली चूक पाहायला प्रेक्षकाला सवय लागते; १० ची चूक मात्र पहिल्यांदाच सामना पाहणाऱ्यालाही दिसते.

मृण्मयी_ठाणे

अगदी स्पष्ट झाले, आभारी आहे. पुढच्या प्रतिसादांची वाट पाहते.

कॉर्कची_सई

लिफीकाठ, तुम्ही पार्श्वभूमी नीट मांडलीत, पण त्यात आयर्लंडचा दुसरा फ्लाय-हाफ जॅक क्रॉली याचे नाव एकदाही आले नाही याचे मला आश्चर्य वाटले. सॅमच्या कारकिर्दीबद्दल बोलताना क्रॉलीला बाजूला ठेवता येत नाही, कारण ती जर्सी रिकामी नव्हती.

आधीचा फ्लाय-हाफ जॉनी सेक्स्टन २०२३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्धची उपांत्यपूर्व लढत २८-२४ अशी हरल्यावर निवृत्त झाला. त्यानंतर २०२४ च्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतले पाचही सामने क्रॉलीने सुरुवातीपासून खेळले आणि आयर्लंडने स्पर्धा जिंकली. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्याआधीच्या मोसमात, मे २०२३ मध्ये, प्रांतिक व क्लब संघांच्या लीगच्या उपांत्य सामन्यात क्रॉलीच्या मन्स्टर प्रांताने लेन्स्टरला त्यांच्याच डब्लिनमध्ये १६-१५ असे हरवले ते क्रॉलीच्या शेवटच्या काही मिनिटांतल्या ड्रॉप गोलमुळे (चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून मारलेल्या किकमुळे), आणि पुढे मन्स्टरने ती लीगही जिंकली. ज्याने एवढे सिद्ध केले त्याला काही महिन्यांतच बाकावर बसवले गेले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ज्या सामन्याला तुम्ही सॅमच्या प्रगतीची पायरी म्हणता, त्या २२-१९ च्या विजयात उत्तरार्धात क्रॉली मैदानात आल्यावरच खेळाला वळण लागले, असे मी तरी पाहिले.

सॅमच्या गुणवत्तेबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याचा लांब, सपाट पास मी आयर्लंडच्या दुसऱ्या कोणत्याही खेळाडूकडे पाहिलेला नाही. पण निवडीला काही निकष असतो. स्पर्धा जिंकून देणाऱ्या खेळाडूने जागा गमावण्यासाठी काय चूक केली होती, हे मन्स्टरच्या चाहत्यांना आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेले नाही.

सह्याद्री_लंडन

सईशी सहमत. शिवाय या वर्षीच्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतला इटलीविरुद्धचा शेवटचा सामना क्रॉलीनेच सुरू केला, आणि या महिन्यात शिकागोतला न्यूझीलंडविरुद्धचा व त्यानंतरचा जपानविरुद्धचा सामनाही त्यानेच. मग ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा सॅम. दर पंधरवड्याला जर्सी अशी इकडून तिकडे जात राहिली तर दोघांपैकी एकाचाही पाय स्थिर होणार नाही.

लिफीकाठ

सई, क्रॉलीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला नव्हता. सॅमचा प्रवास आधी मांडावा असा हेतू होता. तुमचा मुद्दा महत्त्वाचाच आहे. मात्र इंग्लंड (२७-२२), स्कॉटलंड (३२-१८) आणि वेल्स (२७-१८) हे तिन्ही सामने सॅम १० वर असताना जिंकले गेले. कार्डिफमध्ये वेल्स १८-१० ने पुढे असताना उत्तरार्धात त्याने दूरवरून मारलेल्या पेनल्टी किक मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. मार्चमध्ये फ्रान्सने २७-४२ असे धुतले तेव्हा मात्र सगळ्या संघाचाच बचाव कोलमडला होता. त्या पराभवाचे खापर एकट्या १० क्रमांकावर फोडता येणार नाही.

हिंजवडीचा_प्रॉप

बचावाचा विषय निघालाच आहे तर त्यावर सविस्तर लिहितो, कारण सॅमवरची सर्वांत गंभीर टीका त्याच्या टॅकलिंगवर (धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला धरून पाडण्यावर) होते आणि ती नीट समजून घ्यायला हवी.

प्रतिस्पर्ध्यांच्या योजनेत १० क्रमांक हे नेहमीचे लक्ष्य असते. लाइनआउटवरून चेंडू घेतला की दणकट सेंटर किंवा ८ क्रमांकाचा खेळाडू थेट त्याच्या अंगावर धाडतात. त्यात दोन फायदे असतात: एक तर तिथे बचाव कच्चा असण्याची शक्यता असते, आणि दुसरे म्हणजे सत्तर-ऐंशी मिनिटे टॅकल करून दमलेल्या माणसाला पुढे चेंडू हाती आल्यावर शांतपणे निर्णय घेणे जड जाते. सॅम सहा फुटांहून बराच उंच आणि अंगाने सडपातळ आहे. डोक्याला धक्का लागला की कार्ड हे धोरण आता काटेकोरपणे पाळले जाते, त्यामुळे उंच खेळाडूला गुडघे आणि कंबर वाकवून फार खाली जावे लागते. ते वेळेत जमले नाही तर तो सरळ उभा राहून समोरच्याला केवळ हातांनी कवटाळतो, आणि शंभर किलोंहून जड, धावत येणारा माणूस हातांनी थांबत नाही.

यावर उपाय काय? अनेक प्रशिक्षक १० ला पहिल्या हल्ल्याच्या वेळी मागे किंवा टोकाला उभे करतात आणि त्याच्या जागी विंगर किंवा फ्लँकर आणतात. ते मला अर्धवट वाटते, कारण मग चेंडू परत मिळाला की १० आपल्या जागेवर नसतो आणि प्रतिहल्ल्याचा मोका हुकतो. खरा उपाय म्हणजे शरीर घडू देणे. बाविसाव्या वर्षी पुरुषाच्या खांद्यांत आणि पाठीत जी ताकद असते तिच्यात सव्विसाव्या वर्षापर्यंत बरीच भर पडते, पण ती व्यायामशाळेतल्या पद्धतशीर कामाने, घाईघाईत वजन वाढवून नव्हे. वजन एकदम वाढवले तर पायातली चपळाई आणि किकची लय दोन्ही बिघडतात.

गोदातीर

टॅकलिंग सुधारता येते याचे उदाहरण सेक्स्टन स्वतःच आहे. ताकदवान फॉरवर्डना (पुढच्या आठ खेळाडूंना) तो उभ्या-उभ्या धरून ठेवत असे. मात्र त्याने आयर्लंडसाठी पहिला सामना २००९ मध्ये खेळला तेव्हा तो २४ वर्षांचा होता, आणि त्या वेळेपर्यंत तो लेन्स्टरबरोबर युरोपीय चषकाचा अंतिम सामना जिंकून बसला होता. पुढे तो आयर्लंडकडून ११८ सामने खेळला आणि आयर्लंडचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. लिफीकाठ ज्या पायऱ्यांबद्दल बोलत आहेत त्या त्याला मिळाल्या होत्या.

राजहंस_बेलफास्ट

उलट बाजूचे उदाहरण जॉनी विल्किन्सनचे आहे. इंग्लंडकडून तो १९९८ मध्ये अठराव्या वर्षी खेळला. त्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७६-० असे चिरडले त्या सामन्यात तो फ्लाय-हाफ होता. तेव्हा कोणीही म्हणाले असते की या मुलाचे आयुष्य बरबाद केले. पाच वर्षांनी, २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळेत त्याच्या ड्रॉप गोलने इंग्लंड जगज्जेते झाले. ब्रायन ओड्रिस्कॉलही १९९९ मध्ये विसाव्या वर्षी आयर्लंडसाठी खेळला. तेव्हा लवकर खेळवल्याने खेळाडू बिघडतोच असे सूत्र मांडता येत नाही.

कॉर्कची_सई

राजहंस, विल्किन्सनचे उदाहरण अर्धेच देऊन चालणार नाही. २००३ नंतर दुखापतींमुळे तो तीन वर्षांहून अधिक काळ इंग्लंडसाठी खेळू शकला नाही. कोवळ्या वयात शरीरावर टाकलेल्या भाराचा त्यात वाटा नव्हताच असे कोण म्हणेल?

सुनंदा_डब्लिन

मला खेळाची तांत्रिक बाजू तुमच्याइतकी कळत नाही, पण माझा मुलगा इथल्या एका क्लबमध्ये लहान मुलांच्या गटात खेळतो, त्यामुळे शनिवार-रविवारची सकाळ बहुधा चिखलाच्या मैदानाशेजारी जाते. म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते.

सामन्यानंतर समाजमाध्यमांवर या दोन मुलांबद्दल जे लिहिले जाते ते वाचवत नाही. एक लेन्स्टरचा, एक मन्स्टरचा, म्हणून दोन्ही बाजूंचे प्रौढ लोक बावीस आणि पंचवीस वर्षांच्या मुलांना वाटेल ते बोलतात. या आठवड्यात माझ्या मुलाच्या गटातल्या एका दहा वर्षांच्या मुलाने "सॅम टॅकल करायला घाबरतो" असे सहज म्हणून टाकले, आणि ते वाक्य त्याने स्वतः पाहून बनवलेले नव्हते हे उघड होते. घाबरणारा माणूस दक्षिण आफ्रिकेच्या समोर १० क्रमांकावर उभा राहील का? तंत्र कमी पडणे आणि भित्रेपणा या दोन गोष्टी आपण मोठ्यांनी तरी वेगळ्या ठेवाव्यात.

हिंजवडीचा_प्रॉप

सुनंदाताई, पूर्ण अनुमोदन. टॅकल चुकल्यावर उठून पुढच्या टॅकलला जातो तो भित्रा नसतो.

गोदातीर

या भांडणाची आयर्लंडला जुनी सवय आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोनी वॉर्ड लोकप्रियतेच्या शिखरावर असताना १९७९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याला वगळून ओली कॅम्पबेलला खेळवले, तेव्हा सगळ्या देशात गहजब झाला होता. कॅम्पबेलने त्या दौऱ्यात गुणांची रास घातली आणि आयर्लंडने दोन्ही कसोट्या जिंकल्या, तरीही वाद वर्षानुवर्षे शमला नाही. मग डेव्हिड हम्फ्रीज की रोनन ओगारा, त्यानंतर ओगारा की सेक्स्टन. ओगारा मन्स्टरचा आणि सेक्स्टन लेन्स्टरचा, त्यामुळे २००९ नंतरची तीन-चार वर्षे डब्लिन आणि कॉर्कमध्ये आजच्यासारखेच वाद झडले. देशात व्यावसायिक प्रांतिक संघ चारच आहेत, लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट, आणि १० क्रमांकाची जागा प्रत्येकाकडे एकच. त्यामुळे राष्ट्रीय संघाची निवड ही आपोआप प्रांतांची लढाई होते.

मात्र ओगारा आणि सेक्स्टनच्या बाबतीत एक मोठा फरक होता. ओगारा तेव्हा तिशी ओलांडलेला होता आणि सेक्स्टन त्याचा वारस. सॅम आणि क्रॉली यांच्यात अवघे तीन वर्षांचे अंतर आहे. दोघेही पुढची आठ-दहा वर्षे खेळतील, म्हणजे या वेळी वारसदार असा कोणी नाही.

सह्याद्री_लंडन

गोदातीर यांचा शेवटचा परिच्छेद मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. वारसदार नसेल तर दोघांपैकी एकाला कारकिर्दीचा मोठा भाग बाकावर काढावा लागेल. त्याचे आर्थिक परिणाम काय होतात?

चार्टर्ड_चिपळूण

मी डब्लिनमध्ये कर सल्लागार आहे, म्हणून आर्थिक बाजू सांगतो. आयर्लंडमध्ये खेळाडूंचे करार साधारण दोन प्रकारचे असतात. बहुतेकांचा करार प्रांताशी असतो. मोजक्या आघाडीच्या खेळाडूंना राष्ट्रीय महासंघाचा केंद्रीय करार मिळतो. त्यांचे वेतन महासंघ देतो आणि वर्षात किती व कोणते सामने खेळायचे यावरही महासंघाचे नियंत्रण असते. राष्ट्रीय संघातली जागा गेली की केंद्रीय कराराची आशाही कमी होते. परदेशी क्लबकडे गेले तर पैसा जास्त मिळू शकतो, पण आयर्लंडबाहेर खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात सहसा घेत नाहीत, असा प्रघात आहे. सेक्स्टन २०१३ ते २०१५ पॅरिसच्या क्लबकडून खेळूनही संघात राहिला, पण तो अपवाद होता.

करांची एक तरतूदही खेळाडूंना देशात धरून ठेवते. आयर्लंडमध्ये राहून निवृत्त होणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला खेळातून थेट मिळालेल्या उत्पन्नाच्या ४० टक्के रकमेवर, कमाल दहा वर्षांसाठी, वजावट मागता येते. परतावा निवृत्तीच्या वर्षी मिळतो. ज्या व्यवसायात एका दुखापतीने सगळे थांबू शकते तिथे ही रक्कम मोठा आधार ठरते. लेन्स्टरचा डॅन लेव्ही २०१८ मध्ये सहा राष्ट्रांची स्पर्धा जिंकणाऱ्या आयर्लंडच्या संघात होता. २०१९ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि २०२२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावे लागले. बावीस वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे असे मला वाटते.

सुनंदा_डब्लिन

चिपळूणकर, ही माहिती पहिल्यांदाच कळली. अकॅडमीतली मुले महाविद्यालयीन शिक्षणही चालू ठेवतात ते यासाठीच असावे.

गोदातीर

बाकावर बसण्याच्या प्रश्नाला जोडून जोई कार्बरीची गोष्ट सांगतो, कारण तोही किलडेअरमध्येच, अथायला वाढलेला, आणि त्याचाही उदय असाच झपाट्याने झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये शिकागोत आयर्लंडने न्यूझीलंडला इतिहासात प्रथमच हरवले, ४०-२९, त्या सामन्यात एकविसाव्या वर्षी त्याचे पदार्पण झाले. लेन्स्टरमध्ये त्याच्यापुढे सेक्स्टन होता. नियमित १० वर खेळायला मिळावे म्हणून २०१८ मध्ये तो मन्स्टरला गेला. तिथे दुखापतींनी त्याला सतत गाठले, आणि सावरेपर्यंत क्रॉली पुढे निघून गेला. २०२४ मध्ये तो फ्रान्समध्ये बोर्दोकडे गेला. गुणवत्तेत तो कुठेही कमी नव्हता. योग्य वेळी पुरेसे सामने मिळणे आणि शरीराने साथ देणे या दोन गोष्टी जुळून आल्या नाहीत, इतकेच.

आता सॅमच्याच घरातले दुसरे उदाहरण पाहा. त्याचा थोरला भाऊ कियान प्रेंडरगास्ट लेन्स्टरमध्ये गर्दी पाहून पश्चिमेला कॉनाक्टच्या अकॅडमीत गेला. तिथे त्याला सामने मिळाले, तो आयर्लंडकडून खेळला आणि कॉनाक्टचा कर्णधारही झाला. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन वेगळे मार्ग धरले.

लिफीकाठ

गोदातीर, कियानचा उल्लेख केलात त्यामुळे माझा मूळ मुद्दा अधिक स्पष्ट करता येईल. कॉनाक्टच्या खेळाडूला गॉलवेच्या वाऱ्यात, हरण्याची शक्यता जास्त असलेल्या सामन्यांत, दर आठवड्याला झगडावे लागते. लेन्स्टरने या वर्षी युरोपच्या चॅम्पियन्स चषकात हार्लेक्विन्सला ६२-० आणि ग्लासगोला ५२-० असे हरवले. असे सामने पाहायला छान वाटतात, पण १० क्रमांकाला त्यातून काय शिकायला मिळते? आणि मग ३ मे रोजी उपांत्य फेरीत इंग्लंडचे नॉर्दम्प्टन आले, अविवावर ३७-३४ ने जिंकून गेले. त्यांचा फ्लाय-हाफ फिन स्मिथ सॅमहून वर्षानेही मोठा नाही, आणि पाचच दिवसांनी त्याचे नाव ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या संयुक्त) संघात आले. सॅमचे आले नाही. रणजीत केवळ दुबळ्या संघांविरुद्ध शतके काढून कसोटीला आलेल्या फलंदाजासारखी ही अवस्था आहे.

राजहंस_बेलफास्ट

लिफीकाठ, लेन्स्टरवर हा थोडा अन्याय होतो. जूनमध्ये त्यांनी डब्लिनच्या क्रोक पार्कवर दक्षिण आफ्रिकेच्या बुल्सला ३२-७ असे हरवून लीग जिंकली. बुल्सचे फॉरवर्ड कोणत्याही अर्थाने दुबळे नव्हते.

मृण्मयी_ठाणे

मघाशी किकबद्दल वाचल्यावर मी सॅमच्या काही किकची दृश्यचित्रणे पाहिली. चेंडू ठेवल्यावर तो बराच वेळ स्थिर उभा राहतो. इतका वेळ मिळतो का?

हिंजवडीचा_प्रॉप

साठ सेकंद मिळतात, मृण्मयी, आणि आता मोठ्या सामन्यांत घड्याळ पडद्यावरही दाखवतात. त्या साठ सेकंदांत चेंडू टी या छोट्या आधारावर ठेवायचा, शिवण गोलपोस्टच्या रेषेत आणायची, मोजून मागे आणि बाजूला जायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, आणि मग एकदाच मान वर करून खांबांकडे पाहून पुन्हा चेंडूवर नजर आणायची. सॅमच्या किकमध्ये मला सर्वांत जास्त आवडते ते त्याचे शेवटचे पाऊल. ज्या पायावर भार द्यायचा तो पाय चेंडूशेजारी घट्ट रोवला जातो आणि धड मागे झुकत नाही, त्यामुळे चेंडू उंच जाऊनही सरळ राहतो. किक चुकते तेव्हा बहुतेकदा हेच पाऊल जरा आखूड पडलेले असते. त्यात आयर्लंडमध्ये किक मारताना पाहुण्या संघाच्या खेळाडूसाठीही प्रेक्षक शांत राहतात; लिमरिकच्या थॉमंड पार्कवर ही प्रथा फार निष्ठेने पाळतात. ती शांतता प्रत्येकाला मानवतेच असे नाही.

सह्याद्री_लंडन

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. सेक्स्टनला आयर्लंडच्या छावणीत फ्लाय-हाफना मार्गदर्शन करायला आणले आहे, ही गोष्ट कोणी लिहिली नाही. त्याचा लाडका डाव म्हणजे पास देऊन सहकाऱ्याच्या मागून वळसा घालत चेंडू पुन्हा स्वतःकडे घेणे. त्यात पहिला पास देतानाच बचावपटूचा धक्का सोसावा लागतो, तरच तो बचावपटू जागी खिळतो. सॅम मात्र थोडा मागे उभा राहून लांब पासने सगळ्या बचावाला वळसा घालतो. क्रॉली स्वतः चेंडू घेऊन फटीत घुसतो. तिघांच्या तीन शैली आहेत. माझ्या मते आयर्लंडचे प्रशिक्षक अँडी फॅरेल यांनी आक्रमण कोणत्या शैलीवर उभारायचे हे ठरवलेले नाही, आणि तोपर्यंत १० कोण असावा हा प्रश्न सुटणार नाही.

कॉर्कची_सई

सह्याद्री यांच्या मुद्द्यावर माझे उत्तर देते आणि मूळ प्रश्नावरचेही. जर्सी दिली ती घाईने, असे मी अजूनही म्हणते. पण दिल्यानंतर आता ती काढून घेऊन सॅमला दोन वर्षे विसरून जाणे ही दुसरी घाई होईल. पुढचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२७ मध्ये सुरू होतो. आयर्लंडचा पुरुष संघ आजवर एकदाही उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही, आणि तिथे पोहोचायचे तर दोन तयार फ्लाय-हाफ लागतातच. दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये उपांत्य सामन्यात मानी लिबोकला अर्ध्या तासाच्या आसपास बाहेर काढून हँड्रे पोलार्डला आणले, आणि त्यानेच शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारून सामना एका गुणाने जिंकून दिला. तेव्हा लिबोकला कोणी टाकून दिले नाही. तो आजही त्यांच्या संघात आहे.

म्हणून माझे मत असे: मोठ्या सामन्यांत सध्या क्रॉलीने सुरुवात करावी, शेवटची वीस-पंचवीस मिनिटे सॅमला द्यावीत, आणि लेन्स्टरने त्याला दक्षिण आफ्रिकेतले आणि फ्रान्समधले बाहेरचे सामने सुरुवातीपासून खेळवावेत, जिथे पुढचे आठ जण मागे रेटले जातात.

लिफीकाठ

सई, बाहेरच्या सामन्यांबद्दल पूर्ण सहमत. प्रिटोरियात किंवा तुलूझमध्ये स्क्रम मागे सरकत असताना त्याने सलग ऐंशी मिनिटे काढावीत, हेच मला हवे आहे. सुरुवातीच्या जर्सीबाबत मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. कार्डिफसारखे सामने त्याने जिंकून दिले आहेत, आणि फेब्रुवारीत सहा राष्ट्रांची स्पर्धा सुरू होईल तेव्हा पहिल्या सामन्यात १० वर त्याचेच नाव असावे असे मला वाटते. संघ जाहीर झाला की इथेच पुन्हा बोलू.